खानावळीची खोली

कुलूप निघालं, दार आत ढकललं आणि इंदूबाईने पदर नाकाला लावला.

"वास तं आहे," मागून घनश्याम म्हणाला, "पण खिडक्या उघडल्या का जाईन, माय."

इंदूबाई उंबऱ्यातच उभी राहिली. खोलीत माणूस नव्हतं, भांडं नव्हतं, वर्षभर दार बंद होतं. तरी आत्ताच कोणी फोडणी देऊन बाहेर गेलंय असं वाटावं असा वास तिथे दाटून राहिला होता. करपलेल्या जवसाच्या तेलाचा, लसणाचा, लाल तिखटाच्या तर्रीचा. एका कोपऱ्यात तीन तोंडांची मातीची चूल होती. तिच्या मागची भिंत काळीकुट्ट, आणि वरच्या लाकडांवर काजळी अशी चढलेली की उन्हाची तिरीप पडली तिथे ती चकाकत होती.

"विजू इथं एक घटका राहणार नाई," इंदूबाई म्हणाली.

"मंग कुठं नेऊ तिले? सांग ना. सारं पुसद पालथं घातलं मी."

ते खरं होतं. विजयमाला, घनश्यामची बायको, चौथ्या महिन्यात होती आणि तिच्या पोटात काहीच ठरत नव्हतं. सुरुवातीला गावात बाया हसल्या, पहिले महिने असेच असतात म्हणाल्या. पण पुढे पुढे शेजारच्या घरी भाकरी थापली तरी ती उलट्या करू लागली. होळीच्या दिवशी गावभर पुरण शिजत होतं, आणि विजू गोठ्यात बैलांच्या गव्हाणीशी तोंड खुपसून पडली होती, कारण तेवढी एकच जागा अशी होती की जिथे रांधल्याचा वास पोचत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिला उठताही येईना. तेव्हा घनश्यामने बैलबंडी जुंपली.

बंडीत बसताना इंदूबाईला एकच आठवत होतं. मागच्या खेपेला विजू पोटुशी असताना हीच बंडी, हाच रस्ता, आणि पुसद दिसायच्या आतच सारं संपलं होतं. रस्त्याच्या कडेला, पळसाच्या झाडाखाली. या वेळी नशिबाने पोचले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुईतून मीठ-पाणी चढवलं, विजूचे डोळे जरा उघडले. पण काल त्या स्पष्टच बोलल्या होत्या. दवाखान्यात खाटा थोड्या, बाळंतिणी वऱ्हांड्यात निजवलेल्या. विजूची खाट परवा संध्याकाळपर्यंत रिकामी करावी लागेल. "मात्र हिला गावी नेऊ नका," त्या म्हणाल्या, "बंडीचे हादरे हिला सोसायचे नाहीत. दवाखान्याजवळ खोली बघा, म्हणजे लागलं तर लगेच आणता येईल. आणि तिला वासापासून जपा. पोटात पाणी राहिलं नाही, तर बाळ तर सोडाच, आईचंही काही सांगता येत नाही."

दवाखान्याजवळ रिकामी खोली एकच निघाली. वामनराव म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची बायको विमलताई घराच्या मागच्या खोलीत खानावळ चालवायची. ती गेली आणि खानावळ बंद पडली. म्हातारा पुढच्या दोन खोल्यांत एकटाच राहायचा.

"पाणी आण," इंदूबाई पदर खोचत म्हणाली. "पयले घासून तं पाहू."

त्या दिवशी मायलेकांनी खोली घासली. विहिरीचं पाणी, चुलीतली राख, बाजारातून आणलेला धुण्याचा सोडा. इंदूबाईने नारळाच्या काथ्याने भिंती चोळल्या. काळं पाणी तिच्या कोपरांवरून ओघळत होतं. घनश्याम शिडीवर चढून लाकडं खरवडत होता. दुपारी चुन्याचा हात दिला. भिंती पांढऱ्या दिसू लागल्या तशी घनश्यामच्या जिवात जीव आला.

"आता पाय, कसं झालं!" तो म्हणाला. "मले तं फक्त चुन्याचाच वास येऊन राह्यला."

इंदूबाईलाही तसंच वाटलं. पण तिचा स्वतःच्या नाकावर भरवसा नव्हता. दिवसभर ज्या वासात काम केलं तो तिला कसा कळणार? तिने गाठोड्यातून विजूचं धुतलेलं लुगडं काढलं, खोलीच्या मधोमध दोरीवर टाकलं आणि दार लावून घेतलं. दिवस कलल्यावर तेच लुगडं घडी करून ती दवाखान्यात गेली.

विजू डोळे मिटून पडली होती. गालाची हाडं वर आली होती, ओठांना चिरा पडल्या होत्या. "लुगडं बदलतं का वो विजू?" इंदूबाईने विचारलं, आणि घडी तिच्या उशाशी ठेवली.

विजूच्या नाकपुड्या हलल्या. तिने डोळे उघडले. त्या डोळ्यांत एकदम अशी भीती उतरली की इंदूबाईने घडी झटकन उचलली, पण उशीर झाला होता. विजू खाटेच्या कडेवर वाकली. पोटात काही नव्हतंच. नुसतं कळवळणं, नुसतं पिवळं पाणी. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. परिचारिका धावत आली आणि तिने इंदूबाईला बाहेर जायला सांगितलं.

वऱ्हांड्यात इंदूबाई ते लुगडं छातीशी धरून उभी राहिली. आज जो घोट-दोन घोट विजूच्या पोटात राहिला होता, तो आपल्या पायी गेला, हे तिला कळत होतं. आणि हातात उरला होता एकच दिवस.

सकाळी घनश्यामने दार उघडलं. पांढऱ्या भिंतीतून पिवळे डाग वर आले होते, चुलीपासून खिडकीपर्यंत, ओल्या कागदावर तेल फुटावं तसे. आणि वास तर कालच्यापेक्षा जास्त. पाण्याने तो जागा झाला होता.

"नाई होत, माय," तो म्हणाला. "गावाले नेऊ. जे होईन ते होईन."

"तोंड सांभाळ!" इंदूबाई ओरडली. मग तिचा आवाज उतरला. "थे तेल वर नाई रे. मातीनं पिऊन घेतलं आहे. तेलाचं मडकं कितीक धू, वास जाते का कधी? भिंतीची मातीच काढा लागते."

घनश्यामने शेजारून लोखंडी सब्बल आणि घमेलं मागून आणलं. इंदूबाईने खुरपं घेतलं. भिंतीचं लिंपण ढासळू लागलं. वरचे थर काळे, चिकट. त्याच्या आत माती पिवळसर, आणि आणखी आत, बोटभर खोल गेल्यावर, साधी कोरडी माती. तिथे पोचलं की इंदूबाई ढेकूळ नाकाशी धरायची, आणि वास आला की पुन्हा खुरपायची. घनश्यामने छपराची कवेलू उतरवून अंगणात मांडली. छप्पर उघडं पडलं आणि ऊन थेट जमिनीवर आलं.

राहता राहिली चूल.

घनश्यामने सब्बल उचलली आणि तो आईकडे बघत थांबला. इंदूबाईही थांबली. नव्या घरात शिरताना बाई आधी चूल मांडते, दूध उतू घालते, मग बाकीचं. पेटती-राहती चूल मोडायची वेळ ज्या घरात येते, त्या घराचं नाव लोक हळू आवाजात घेतात. पोटुशी सून आणायची त्या घराची चूल आपणच फोडायची? पण सगळ्यात जास्त तेल त्या चुलीनेच प्यायलं होतं. ती कोपऱ्यात नुसती बसून होती तरी तिच्याकडून वास चालत येत होता.

"माय वो, माफ कर," ती चुलीला हात जोडून म्हणाली. "दे रे इकडं. पयला घाव मीच घालतो."

सब्बलीचा पहिला घाव बसला. चुलीच्या कडेची एक पापडी उडाली.

"थांबा! काय करून राह्यले तुमी?"

दारात वामनराव उभे होते. अंगात बनियन, हातात काठी. त्यांनी खरवडलेल्या भिंती पाहिल्या, उघडं छप्पर पाहिलं, पण नजर ठरली ती चुलीच्या त्या फुटक्या कडेवर.

"धुवाले सांगतलं होतं मी तुमाले. चुलीले हात लावाले कोणं सांगतलं?"

"भाऊ, वास जाऊन नाई राह्यला," घनश्याम पुढे झाला. "पुन्हा लिंपून देऊ सारं. नवी चूल घालून देतो, तुमी मनसान तशी—"

"नवी नाई पायजे मले!" म्हातारा ओरडला. "बाहेर निंघा. किल्ली द्या माझी. नाई द्याची मले खोली."

घनश्यामने हात जोडले. तो त्यांच्या पाया पडायला वाकला तसे वामनराव मागे सरले. "किल्ली द्या," ते पुन्हा म्हणाले.

इंदूबाईने सब्बल खाली ठेवली. तिच्या कमरेला किल्ली होती. ती काढण्यासाठी तिने हात नेला, पण बोटं तिथेच थांबली. किल्ली दिली की पुढे काही नव्हतं, फक्त बंडी, आणि तो पळसाखालचा रस्ता.

"देतो," ती म्हणाली. "पण एक गोष्ट सांगा भाऊ. ही चूल तं वर्सभर पेटली नाई. मातीच्या चुलीसाठी एका पोरीचा जीव—कायले?"

वामनराव आत आले, चुलीजवळच्या ओट्यावर हळूच टेकले आणि फुटक्या कडेवरून त्यांनी हात फिरवला, जनावराच्या जखमेवरून फिरवावा तसा.

"दुपारी येऊन बसतो मी इथं," ते म्हणाले. "कडी लावून घेतो आतून. लोक काय मनतीन मनून कोणाले सांगत नाई. वास येते ना, तं वाटते का ती आहेच. भाजी टाकून अंगणात गेली आहे. येईनच आता." त्यांनी मान वर केली. "फोटो नाई आमच्याकडं तिचा. काढाचं काढाचं मनता राहून गेला. हेच आहे बाई, जे आहे थे."

घनश्यामने मान खाली घातली. इंदूबाईला तो म्हातारा एकाएकी फार लांब बसलेला दिसू लागला. आपण दोन दिवस जे खरवडून घमेल्यात भरत होतो, उकिरड्यावर नेऊन टाकत होतो, ते याचं काय होतं, हे तिला आता कळलं. तिला रागही येईना, विनवणीही सुचेना.

तिने किल्ली काढून ओट्यावर ठेवली. "मले ठाऊक नोहतं भाऊ," ती म्हणाली. "ठाऊक असतं तं हात नसता लावला. चाल रे घनश्याम."

दोघं अंगणात आली. घनश्याम कवेलू परत चढवण्यासाठी उचलू लागला, तेव्हा आतून आवाज आला.

"काय नाव मनलं पोरीचं?"

"विजयमाला."

"कोणत्या खाटेवर आहे?"

"खिडकीपाशी. शेवटची."

वामनराव बाहेर आले. त्यांनी डोक्याला रुमाल गुंडाळला आणि काठी टेकत रस्त्याला लागले.

इंदूबाई विहिरीच्या कठड्याला टेकून बसली. ऊन चढत चाललं. डॉक्टरीणबाईंनी दिलेली वेळ जवळ येत चालली होती, आणि खोलीला ना भिंत ना छप्पर. घनश्याम उठून रस्त्यापर्यंत जाई, पाहून परत येई. "थो म्हातारा शिपायाले घेऊन आला तं?" त्याने एकदा विचारलं. इंदूबाई म्हणाली, "येऊ दे." दुसरं काय म्हणणार होती ती? गाठोडं बांधायला घ्यावं असं तिला वाटे आणि हात उचलत नसे.

वामनराव परतले तेव्हा घामाने निथळत होते. ते कुणाकडे न बघता सरळ खोलीत गेले.

"पायलं तिले," आतून ते म्हणाले. "पाणी मांगत होती. चमच्यानं दिलं बाईनं, तं थेही बाहेर आलं. माझी विमलही शेवटी अशीच पडली होती. कितीक जणांले जेवू घातलं तिनं, अन् तिच्या स्वतःच्या गळ्याखाली घास उतरत नोहता."

मग सब्बलीचा आवाज आला.

घनश्याम धावला. "भाऊ, राहू द्या, मी करतो."

"सरक," म्हातारा म्हणाला. "माझ्या घरची चूल आहे."

तीन-चार घावांतच ते धापा टाकू लागले, पण सब्बल त्यांनी सोडली नाही. चूल दुभंगली. आतली माती तेलाने काळी, डांबरासारखी झाली होती. शेवटचा मोठा गोळा सुटला तेव्हा त्यांनी सब्बल घनश्यामच्या हातात दिली, पुढच्या घरात गेले आणि दार लावून घेतलं. ते रडले असतील तर आवाज बाहेर आला नाही.

पुढचं काम जिवाच्या आकांताने झालं. चुलीखालची जमीन हातभर खणून काढली. पूस नदीच्या काठावरून घनश्यामने बंडीभर पांढरी माती आणली. इंदूबाईने ती नुसत्या पाण्यात कालवून भिंतींना थापली, जमिनीवर पसरली, चोपली. शेण घातलं नाही, धूप घातला नाही, कडुलिंबही जाळला नाही. वासावर वास चढवायचा नाही एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं. कवेलू ऊन खाऊन चढली. खोली ओली होती, ओबडधोबड होती, पण आत गेलं की नांगरलेल्या शेतात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

विजूला दोघांनी धरून आणलं, रस्ताभर तिने पदर नाकातोंडाशी दाबून धरला होता. ती उंबऱ्याशी आली, थांबली आणि तिने पदर खाली केला. इंदूबाई तिच्या नाकाकडे बघत होती. विजूने एक पाय आत टाकला, मग दुसरा. हळूच हवा आत घेतली, पुन्हा घेतली.

"थंडं आहे इथं," ती म्हणाली.

तिला सतरंजीवर निजवलं. इंदूबाईला भडभडून आलं. ती पेल्यात पाणी घेऊन लगबगीने विजूवर वाकली, आणि विजूने तोंड फिरवून उमासा दिला. एक, दोन, तीन. ती उशीत तोंड लपवून कळवळू लागली.

म्हणजे वास गेला नाही? एवढं सगळं करूनही? इंदूबाई वेड्यासारखी भिंती हुंगू लागली.

"माय," घनश्याम दबक्या आवाजात म्हणाला. "थो वास तुह्या अंगाले आहे."

दोन दिवस खरवडलेलं सगळं तेल तिच्या केसांत, लुगड्यात, नखांत बसलं होतं. ती बाहेर गेली. विहिरीवर तिने रिठ्याने केस धुतले, अंग मातीने चोळलं, लुगडं दगडावर आपटून आपटून धुतलं. दुसरं लुगडंही गाठोड्यात वासाचंच झालं होतं. ते घासून दोरीवर टाकलं आणि अंगावरचं ओलं तसंच नेसून ती कलत्या उन्हात बसून राहिली. दारातून तिला विजूचे पाय दिसत होते. घनश्याम अंघोळ करून, ओल्या धोतराने, तिला चमच्याने पाणी पाजत होता. इंदूबाई प्रत्येक चमच्यानंतर कान देऊन ऐकायची. उलटीचा आवाज आला नाही. अंधार पडेपर्यंत आला नाही.

त्या खोलीत मग चूल पेटलीच नाही. घनश्याम बाजारातल्या हॉटेलात खाऊन यायचा, चूळ भरून, कपडे झटकून, तरी दाराशीच बसायचा. इंदूबाई विहिरीच्या पलीकडे जाऊन फुटाणे नाही तर मुरमुरे खायची. विजूची पेज पुढच्या ओसरीत वामनराव शिजवायचे. आयुष्यभर त्यांनी पानं वाढली होती, रांधलं कधी नव्हतं. पहिली पेज खाली लागली. ती त्यांनी गाईला घातली आणि दुसरी केली. पूर्ण गार झाली की ताटली झाकून ते खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायचे आणि आत न डोकावता निघून जायचे.

गल्लीतल्या बायांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "काहो, कोणी गेलं का तुमच्या घरचं?" एकीने विचारलंच. "मांगच्या खोलीतून धूर दिसत नाई मनून इचारलं."

"नाई वो बाई," इंदूबाई घाईने म्हणाली, "सारे आहेत." पण त्या दिवशी तिला फुटाणे गिळले नाहीत. आत विजू झोपली होती. इंदूबाईने जवळ जाऊन तिचा श्वास पाहिला, आणि मग दिवसातून कितीदा तरी पाहू लागली.

असे दिवस सरकले. कधी पेज राहायची, कधी जायची. एकदा रक्ताचा डाग दिसला आणि घनश्यामने विजूला उचलून दवाखान्यापर्यंत धाव घेतली. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी परत पाठवलं, बाळ सलामत आहे म्हणाल्या. गावावरून भगवानराव, इंदूबाईचा नवरा, दोनदा येऊन गेला. शेताचं विचारावं तर इंदूबाईला सुचायचं नाही.

वैशाखातली ती दुपार. शेजारच्या घरी कोणीतरी उशिरा स्वयंपाकाला लागलं होतं. अचानक कढईत मोहरी तडतडली, लसूण पडला, आणि फोडणीचा वास भिंतीवरून थेट आत आला. इंदूबाई विहिरीवर होती. तिच्या हातून कळशी निसटली. ती धावत आत शिरली आणि तिने खिडकीचं दार ओढलं.

"राहू द्या, आत्याबाई."

इंदूबाई वळली. विजू भिंतीला टेकून बसली होती. चेहरा अजून हाडकुळाच होता, पण ती हवेत तोंड धरून बसली होती.

"वास येऊन राह्यला ना पोरी. तुले तरास होईन."

"वांगे आहेत का?" विजूने विचारलं.

"काय?"

"थे काय करून राह्यले? वांग्याचीच भाजी आहे ना? जवसाचं कूट घातलेली?" विजूने आवंढा गिळला. "मले भूक लागली, आत्याबाई."

इंदूबाईने खिडकीचं दार सोडलं. इंदूबाई शेतकऱ्याची बायको होती. तिच्या दारातून कोणी उपाशी गेलं नव्हतं आणि ती कुणाच्या दारात वाटी घेऊन गेली नव्हती. ती तशीच, ओल्या हातांनी, पेज प्यायची वाटी उचलून गल्लीत आली आणि शेजारणीच्या उंबऱ्याशी उभी राहिली.

"एवढीशी भाजी द्या वो बाई," ती म्हणाली. "माह्या सुनेले भूक लागली आहे."

तिला हुंदका फुटला तशी शेजारीण घाबरली, आणि तिने वाटीबरोबर भाकरीही दिली. विजूने चार घास खाल्ले. चारही राहिले.

भादव्यात विजूला मुलगी झाली. दवाखान्यातच, डॉक्टरीणबाईंच्या हातून. मुलगी किरकोळ होती, पण रडणं असं की वऱ्हांड्यातल्या बाया हसल्या. वामनराव काठी टेकत पाहायला आले. त्यांनी पोरीच्या मुठीत बोट दिलं आणि तिने ते घट्ट धरलं. बराच वेळ त्यांनी ते सोडवून घेतलं नाही.